एकटा बाप्या, एकटी बाई

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण. वेळेअभावी बोलताना राहून गेलेल्या दोन-तीन गोष्टी लिहून काढताना घातल्या आहेत.)

आदरणीय भंतेजी, विहार समितीचे सर्व पदाधिकारी, जोतिबाच्या डोंगराच्या चहुअंगाच्या गावांतून आलेले माझे बांधव, आणि नेहमीप्रमाणे मागे भिंतीकडेला बसलेल्या माझ्या मायबहिणींनो, सर्वांना सविनय जयभीम.

समितीने मला 'स्त्री-पुरुष समानता' असा विषय दिला होता. हा विषय एवढा मोठा आहे की त्यावर काहीही बोललं तरी चालून जातं. म्हणून मी त्यातला एकच तुकडा धरतो. ज्याला बायको नाही असा बाप्या आणि जिला नवरा नाही अशी बाई. दोघंही एकटीच. पण समाज त्या दोघांशी कसा वागतो, एवढंच मला आज तुमच्यापुढं मांडायचं आहे. मी काही कॉलेजात गेलेला माणूस नाही. सूतगिरणीत साच्यावर तीस वर्षं काढली. जे काही वाचलं ते रात्रपाळी संपल्यावर, झोप मोडून. तेव्हा भाषेत कमी-जास्त झालं तर सांभाळून घ्या.

आपण डोंगराखालची माणसं. चैत्र यात्रेला वरती काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. सासनकाठ्या नाचतात, 'चांगभलं'चा गजर होतो आणि गुलाल उधळला जातो. आपण यात्रेला जात असू वा नसू, पण खाली उतरणारी माणसं बघतोच. म्हातारी असो, पोर असो, नवरा असलेली असो की नसलेली, सगळी गुलाबी होऊन उतरतात. गुलाल कुणाला विचारत नाही की बाई, तुझा नवरा जिवंत आहे का? पण तीच बाई घरी येऊन तोंड धुते आणि दुसऱ्या दिवशी कपाळाला बोटभर कुंकू लावते, तेव्हा अख्खी गल्ली विचारते. मूठभर गुलाल चालतो आणि चिमूटभर कुंकू चालत नाही. हा हिशेब मला अजून कुणी समजावून सांगितलेला नाही.

आता बाप्याकडं बघा. लग्न झालेल्या बाईच्या अंगावर खुणा किती? कपाळाला कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, हातात चुडा, पायात जोडवी. बाप्याच्या अंगावर? काही नाही. मी इथं उभा आहे. माझं लग्न झालंय का, बायको आहे का गेली, हे माझ्या अंगाकडं बघून कुणी सांगावं. नाही सांगता येणार. ज्याच्या अंगावर खूणच नाही त्याचं कोण काय काढून घेणार? बाई विधवा होते तेव्हा मयताच्या घरात दुःख बाजूला राहतं आणि चार बायका तिच्याभोवती जमतात, बांगड्या फोडायला. बाप्या विधुर होतो तेव्हा त्याच्या खांद्यावर हात ठेवायला चार माणसं जमतात. दोन्हीकडं चारच माणसं, पण कामं वेगळी.

शब्दसुद्धा तपासून बघा. बाईला आपल्या भाषेत रंडकी आहे, पांढऱ्या कपाळाची आहे, टाकलेली आहे, सोडलेली आहे. लग्न न झालेलीला घोडनवरी आहे. बाप्याला काय आहे? 'विधुर' हा शब्द पुस्तकातला. आपल्या गल्लीत मी तो कुणाच्या तोंडून ऐकला नाही. गल्लीत म्हणतात 'बिजवर'. म्हणजे बायको गेल्या गेल्या त्याला पुन्हा नवरदेवाच्या यादीत घातला. लग्न न झालेल्याला 'सडा माणूस' म्हणतात, त्यात शिवी नाही, उलट थोडा हेवाच आहे. आणि बायको सोडून गेलेल्या बाप्याला 'टाकलेला' असं कुणी म्हणतं का? तिथंही आपण म्हणतो, 'ती नांदली न्हाई.' नाव पुन्हा बाईवरच.

आमच्या खात्यात काही वर्षांमागं एकाच वर्षात दोन मृत्यू झाले. एका कामगाराची बायको गेली आणि कोन-वाइंडिंगवर काम करणाऱ्या एका बाईचा नवरा गेला. दोघांनाही दोन-दोन लेकरं. कामगाराला वर्षश्राद्धाच्या आत तीन स्थळं दाखवून झाली. सगळे म्हणायचे, 'लेकरांकडं कोण बघणार?' प्रश्न खरा होता. पण त्या बाईच्या लेकरांकडं कोण बघणार, हे कुणी विचारलं नाही. ती लवकर घरी गेली तर 'काम चुकवते' आणि उशिरा गेली तर 'कुठं होती?' एकदा पगाराच्या दिवशी नवी साडी नेसून आली तर जेवणाच्या सुट्टीत सगळी चर्चा त्या साडीवर. त्याच महिन्यात आमच्या त्या बिजवराने केसाला कलप लावला होता. त्याचं आम्ही कौतुक केलं.

हे माझ्या खात्यापुरतं आहे असं समजू नका. २०११ च्या जनगणनेत देशात विधवा बाया सुमारे ४ कोटी ३० लाख आणि विधुर पुरुष सव्वा कोटीच्या आसपास भरले. मरण काही बाई-बाप्या बघून येत नाही, मग एवढा फरक कशाने? एक कारण, आपण नवरा वयाने मोठा बघतो आणि बाईमाणूस जगतंही थोडं जास्त. दुसरं कारण तुम्हाला ठाऊक आहे. विधुर फार दिवस विधुर राहत नाही. त्याला पुन्हा उभा केला जातो आणि तो त्या मोजणीतून निघून जातो. विधवा मरेपर्यंत त्याच रकान्यात राहते.

आता मुंबईची गोष्ट सांगतो, कारण पन्हाळा-शाहूवाडीकडच्या कितीतरी घरांचा धूर मुंबईच्या गिरणीच्या भोंग्यावर निघत होता. आमचे वडील १९८२ च्या संपापर्यंत तिकडं होते. एका खोलीत वीस-वीस, पंचवीस-पंचवीस माणसं, पाळीपाळीने झोपणारी. बायका-पोरं गावाकडं. हे सगळे बाप्ये वर्षातले अकरा महिने एकटेच की! पण त्यांना कुणी एकटा म्हटलं नाही. ते 'कामावर गेलेले'. आणि गावाकडं त्यांची बायको अकरा महिने एकटी राहायची. ती मात्र सासू, दीर, भावकी, शेजार एवढ्या डोळ्यांखाली. पाणवठ्यावर जरा हसली तर मुंबईला पत्र जायचं.

आणि त्या हजारो एकट्या बाप्यांना गिरणगावात जेवू कोण घालत होतं? खाणावळवाल्या बाया. त्यांतल्या किती तरी विधवा, किती तरी नवऱ्याने सोडलेल्या, बाकीच्या नवऱ्याची नोकरी गेलेल्या. पहाटे उठून पन्नास माणसांच्या भाकऱ्या थापायच्या, महिनाभर उधारीवर जेवू घालायचं आणि वाण्याचं व्याज भरायचं. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, तेव्हा कुठं या बायांना बँकेचं कर्ज मिळायला लागलं. गिरणी कामगारांचा इतिहास सांगताना आम्ही संप सांगतो, मोर्चे सांगतो, ही भाकरी सांगत नाही. एकट्या बाप्याचं एकटेपण एकट्या बाईच्या चुलीवर निभावलं. आजही इचलकरंजीत नाहीतर कोल्हापुरात एकट्या कामगाराला कॉट बेसिसवर जागा मिळते, डबा मिळतो. एकट्या बाईने खोली मागितली तर घरमालक आधी विचारतो, 'बरोबर कोण आहे?'

काही लोक म्हणतात, हे सगळं वरच्या जातींचं, आपल्यात पाट होता, म्होतूर होतं, आपल्या विधवा मोकळ्या होत्या. मित्रहो, अर्धंच खरं आहे हे. पाट होता. पण तो लागायचा रात्री, अंधारात, वाजंत्रीशिवाय. पहिल्या लग्नाला मांडव, पाटाला मागचं दार. आणि बिनलग्नाच्या पोराला विधवेशी पाट लावायचा असेल तर कित्येक जातींत आधी त्याचं लग्न रुईच्या झाडाशी लावायचे! म्हणजे विधवेपेक्षा रुईचं झाड बरं, पहिलेपणाचा मान झाडाला. आणि बिजवराने कुमारिका केली तर? तिथं कसलं झाड लागत नव्हतं. वाजतगाजत लग्न.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली. सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बालहत्येबद्दल शिक्षा झाली, त्यावर वर्तमानपत्रांनी बायकांच्या जातीला झोडपायला सुरुवात केली, त्या संतापातून हे पुस्तक आलं. ताराबाईंचा सवाल सरळ होता: नवरा मेल्यावर बाईने तोंड लपवायचं, तर बायको मेल्यावर बाप्या का लपवत नाही? एवढ्या वर्षांत त्याचं उत्तर कुणी दिलेलं मला तरी दिसलं नाही. त्याआधी १८६३ साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात आपल्या घरी विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. विधवेच्या पोटी आलेला यशवंत त्यांनी दत्तक घेतला. आणि आमच्या गिरणी कामगारांचे पहिले पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० साली मुंबईत न्हावी बांधवांची सभा घेतली. विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही, असं त्या लोकांनी ठरवलं. त्याच साली गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. ती सुट्टी सगळ्यांना पाठ आहे, वस्तऱ्याचं कुणाला आठवत नाही.

आपल्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली पुनर्विवाहाचा कायदा केला, १९१९ साली बायकांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला, १९२० साली जोगतिणींबाबत केला. कायदा दुसऱ्यांसाठी आणि घर वेगळं असं त्यांचं नव्हतं. धाकटे राजपुत्र शिवाजी १९१८ साली शिकारीत अपघाताने गेले. त्यांची पत्नी इंदुमती तेव्हा बारा वर्षांच्या आत-बाहेर. राजवाड्यातला विरोध पत्करून महाराजांनी त्या विधवा सुनेला सोनतळीला ठेवून शिकवलं. सोनतळी इथून हाकेच्या अंतरावर आहे. जाता-येता बघा.

जोगतिणींचा विषय निघाला म्हणून सांगतो. मार्गशीर्ष पौर्णिमेला रेणुकेला, म्हणजे यल्लम्माला, विधवा करतात. रांडाव पौर्णिमा म्हणतात तिला. देवीबरोबर जोगतिणींच्याही बांगड्या फुटतात. मग पुढं माघात अहेव पौर्णिमा येते, देवीला पुन्हा चुडा भरतात. बघा, देवी झाली तरी नवरा मेल्यावर तिच्या बांगड्या सुटल्या नाहीत. फरक एवढाच की तिच्या दोन महिन्यांत परत मिळतात. जमदग्नीची बायको विधवा होते, पण बायको गेली म्हणून कुठल्या देवाचं काही उतरवून ठेवल्याचं माझ्या ऐकिवात नाही. आणि ज्या पोरी देवीला सोडल्या त्यांना ना धड लग्न ना धड एकटेपण. १९७५ साली बाबा आढावांच्या पुढाकाराने गडहिंग्लजला देवदासी परिषद झाली, तेव्हापासून त्या बायांनी उभं राहून बोलायला सुरुवात केली. आपल्या राज्यात देवदासी प्रथाबंदीचा कायदा व्हायला २००५ साल उजाडलं.

आता थोडं आपल्या आतलं बोलतो. काहींना खटकेल, पण विहारात नाही बोलायचं तर कुठं?

माता रमाई २७ मे १९३५ ला गेल्या. बाबासाहेबांनी १५ एप्रिल १९४८ ला डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह केला, त्या सविताबाई झाल्या, आपण माईसाहेब म्हणतो. मधली तेरा वर्षं बाबासाहेब एकटे होते. त्या एकटेपणाबद्दल समाजाने हळहळ केली, आणि ती रास्तच होती. मग ६ डिसेंबर १९५६ उजाडला. माईसाहेब विधवा झाल्या, आणि त्या क्षणापासून आपल्यातल्याच लोकांनी त्यांच्यावर बोट रोखलं. यांनीच मारलं म्हणाले. केंद्र सरकारने चौकशी केली, मृत्यू नैसर्गिक असल्याचं निघालं, तरी संशय गेला नाही. वर्षानुवर्षं त्या चळवळीपासून लांब, एकट्या राहिल्या. पुढं पँथरच्या पोरांनी त्यांना पुन्हा लोकांत आणलं. २००३ साली त्या गेल्या. त्यांच्या जातीचा, राजकारणाचा भाग त्यात होता, मी नाकारत नाही. पण मला त्यात खेड्यातली जुनी शिवीही ऐकू येते. 'नवरा खाल्ला' ही ती शिवी. डॉक्टर असलेल्या, बाबासाहेबांची नऊ वर्षं शुश्रूषा केलेल्या बाईलाही ती चुकली नाही. मग आपल्या वस्तीतल्या अडाणी बाईचं काय घेऊन बसलात?

आणि वस्तीत काय होतं? आपण गंडेदोरे सोडले, श्राद्ध सोडलं, मयताला बुद्धवंदना घेतो. पण वंदना संपली की आत जाऊन बांगड्या फोडल्या जातातच. मी डोळ्यांनी बघितलंय. मंगल परिणयाला नवरीची आई विधवा असेल तर ती आपणहून खांबाआड उभी राहते. भंतेजींनी तिला मागं व्हा म्हटलेलं नसतं, धम्मात तसं काही नाही. तिला ते कुणी सांगावं लागत नाही, हेच तर दुखणं आहे.

विधवेला निदान लोक 'बिचारी' तरी म्हणतात. टाकलेल्या बाईला तेही नाही. नवरा जिवंत आहे, दुसरी घेऊन सुखात आहे आणि ही माहेरी भावजयीच्या हाताखाली. सांगली जिल्ह्यात इंदुताई पाटणकरांनी आणि स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीने या परित्यक्ता बायांना संघटित केलं. दया मागितली नाही, रेशनकार्ड स्वतःच्या नावावर मागितलं, घराला जागा मागितली. संगमनेरला समता आंदोलनाने हाच प्रश्न धरला. ही मागणी मला फार पटते, कारण एकट्या बाईची पहिली अडचण कागदाची आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने घरातली थोरली बाई कुटुंबप्रमुख धरली आहे. चांगलं आहे. पण टाकलेली बाई वेगळं कार्ड मागायला गेली की आधी सासरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आण म्हणतात. ज्याने घरातून हाकललं त्याच्याच दारात दाखल्याला जायचं! संजय गांधी निराधार योजनेत विधवा, परित्यक्ता, देवदासी बसतात. उत्पन्नाची मर्यादा ठेवली वर्षाला २१,००० रुपये, म्हणजे दिवसाला सत्तावन्न रुपयांच्या आसपास. सत्तावन्न रुपयांत जगून दाखव, मग निराधार म्हणतो. २०२४ ला लाडकी बहीण योजना आली, तिच्या ई-केवायसीत २०२५ साली नवऱ्याचा नाहीतर बापाचा आधार नंबर मागितला. ज्यांना दोन्ही नाहीत त्या बाया केंद्राच्या पायरीवर बसून राहिल्या. ओरड झाली, मग त्यांच्यासाठी वेगळी सोय करावी लागली. म्हणजे बहीण सरकारची, पण ओळख विचारायची नवऱ्याकडून.

एकट्या बाप्याचं दुःख मला कळत नाही असं नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापूरला लग्न न जमणाऱ्या पोरांनी बाशिंग बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला. पेपरात फोटो आले, लोक हसले. मला हसू आलं नाही. शेतकऱ्याच्या, कामगाराच्या पोराला मुलगी मिळत नाही हे खरं आहे. पण मुली गेल्या कुठं? २००१ च्या जनगणनेत आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं ८३९ मुली होत्या आणि आपला पन्हाळा तालुका त्याहूनही खाली. ती पोरं आज पंचवीस-तिशीची आहेत. कितीतरी पोरांच्या नवऱ्या आपण सोनोग्राफीच्या खोलीत संपवल्या. तरीही बाप्याचं एकटेपण घोड्यावर बसून मागणी करू शकतं. एखाद्या विधवेने मळवट भरून, 'मला नवरा हवा' म्हणून कचेरीवर जायचं मनात आणून बघा. चौकातसुद्धा पोचू देणार नाहीत.

आता कामाचं बोलतो. आपल्याच जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी ठराव केला. नवरा गेल्यावर कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे या प्रथा गावात बंद. सुरगोंडा पाटील सरपंच होते. मुक्ताबाई पुजारी यांनी ठराव मांडला आणि सुजाता गुरव यांनी अनुमोदन दिलं. मूळ कल्पना करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे यांची. ६ मेला शाहू महाराजांच्या स्मृतीला शंभर वर्षं होणार होती, त्याच्या दोन दिवस आधी हे झालं. १७ मेला शासनाने परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचं उदाहरण घ्यायला सांगितलं. हेरवाडपाठोपाठ ठराव केला माणगावने. तेच माणगाव, जिथं १९२० च्या मार्चमध्ये बाबासाहेब आणि शाहू महाराज एका मांडवात आले होते.

ठरावाने सगळं होतं असं मी म्हणत नाही. ठराव कागदावर असतो आणि बांगड्या फोडणारी आत्या घरात असते. पण कागद असला की सुनेला 'गावाचं ठरलंय' एवढं तरी म्हणता येतं. आपल्या किती गावांत ठराव झाला, झाला तर ग्रामसभेत वाचून दाखवला का, आणि त्यानंतर झालेल्या मयतांत काय घडलं, हे आपण घरोघर विचारून लिहून काढलं पाहिजे. हे काम बाप्यांनी करू नये. आत्या बाप्यांना खरं सांगणार नाही.

विहार समितीपुढं माझ्या तीन सूचना आहेत. विहारात होणाऱ्या प्रत्येक मंगल परिणयात वधू-वरांच्या आया, विधवा असोत वा नसोत, पुढच्या ओळीत बसतील आणि पहिली फुलं त्या देतील, हे पत्रिकेतच छापावं. वस्तीतल्या एकट्या बायांची यादी करून, ज्यांची रेशनकार्डं वेगळी नाहीत त्यांचे अर्ज इथं विहारातच भरून द्यावेत. त्यासाठी रविवारची सकाळ मी द्यायला तयार आहे, साप्ताहिक सुट्टी असते. आणि विहार समितीवर आज अकरा माणसं आहेत, त्यात दोन बाया, त्या दोघीही पदाधिकाऱ्यांच्या पत्नी. एकटी बाई एकही नाही.

हेरवाडच्या धर्तीवर ठरावाचा मसुदा मी लिहून आणला आहे. दोन पानं आहेत, भाषा सोपी ठेवली आहे. तो मी व्यासपीठावर न देता मागं भिंतीकडं देतो. वाचा, पटत नसेल ते खोडा, आणि ग्रामसभेच्या आधी पहिली सही कुणाची घ्यायची ते तुम्हीच ठरवा.

जयभीम.